सर्वांत लहान खड्डा

तीस वर्षं मी पोकलेन हाकला.
आता हातात पिकास आहे
आणि परसात, फणस नि गोठ्याच्या मधे,
चुन्याने आखलेला लंबगोल:
सात हात लांब, चार हात रुंद.
शालन पायरीवर तांदूळ निवडत विचारते,
"कोणाला पुरायचंय?"

तळं करतोय, म्हटलं. बेडकांना.
तिने सुपातला खडा माझ्या दिशेने भिरकावला.

पहिल्या वितीला मऊ माती, गांडुळं,
कधीकाळच्या कपाचा कान.
मग जांभा. जांभा मला ओळखतो.
पिकास वाजला, खांद्यापर्यंत झिणझिणला,
आणि नकळत मी मागे वळून पाहिलं
टिपर लागलाय का.

कडा उभ्या नकोत, कुळागरातला रुझार म्हणाला.
एका बाजूला वीतभर पायरी,
मग हातभर, मग मधला खळगा मांडीइतका.
म्हणजे बेंच, मी म्हटलं.
बेंच मला शिकवू नको बाबा.
पिसुर्ल्याला आम्ही बेंच कापायचो डंपर उतरावेत म्हणून.
इथे एकेका बेंचवर झाड बसणार.

ताडपत्री ट्रकचीच.
खाण बंद झाली तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी उचलून आणलेली.
इतक्या वर्षांनी धुतली तरी
तीन बादल्या लालभडक निघाल्या.
खाली गोणपाट, वर शेतातली चिकणमाती,
मूर्तीसाठी मळतात तशी, पायांनी.

पाणी विहिरीचं.
बत्तीस घागरी मोजल्या, मग मोजायचं सोडलं.
पहिल्या दिवशी चहा.
चौथ्या दिवशी पाहुण्याला देऊ नये असा चहा.
आठव्या दिवशी वाकलो
तर खाली माझं तोंड, आणि तोंडातून तळ दिसतोय.

वेखंडाच्या मुळ्या वरच्या पायरीवर.
शेजारी ब्राह्मी, ती आपली आपण पाण्यात उतरते.
कुमुदाचा कंद शालनच्या जुन्या लुगड्यात बांधून,
चिऱ्याचा तुकडा घालून मधे सोडला.
खत नाही.
जलपर्णी कोणी फुकट दिली तरी नाही.

वाळपईहून मलेरियाचे मिंगेलबाब आले,
"उदक सांठयलां," म्हणत वहीत काही लिहिलं,
गप्पी माशांची पिशवी पुढे केली.
बेडकांची पिल्लं खातील हो, मी म्हटलं.
पंधरा दिवस द्या, चतुर येतील.
"कोण चतुर?" ते म्हणाले,
आणि माझ्याकडे नीट बघून वही मिटली.

चढण मात्र मी कोणी न सांगता केली.
चिऱ्याचे सपाट तुकडे
तळापासून काठापर्यंत तिरपे,
खरखरीत बाजू वर.

खाणीत पाणी भरलं त्या वर्षी
एक गवा आत पडला होता.
निळं पाणी. उभ्या कडा.
कडांवर माझ्याच बकेटच्या दातांच्या रेघा.
दोन दिवस तो कडेकडेने पोहला,
खूर टेकेल अशी जागा शोधत.
आम्ही वर उभे. कोणीतरी दोर आणला.
गव्याला दोर.
पोकलेन तिथेच होता, शंभर पावलांवर.
तासाभरात वाट कापून दिली असती.
किल्ली कंपनीकडे.

शालनला हे सांगितलेलं नाही.
तिला वाटतं, चिरे शोभेला आहेत,
आणि वाकडे लागलेत.

चतुर तेराव्या दिवशी आला, तांबडा,
वेखंडाच्या पात्यावर बसला, उडाला, पुन्हा तिथेच.
मिंगेलबाबांना फोन केला. त्यांनी उचलला नाही.

काल रात्री शालनने हाक मारली, अगदी हळू.
टॉर्चच्या उजेडात, पाण्यातून,
एक चिचुंद्री, भिजून अर्धी झालेली,
पहिला चिरा, घसरली,
पुन्हा पहिला, दुसरा.
शालनच्या हातात केरसुणी होती, वर उचललेली.
ती तशीच वर राहिली
चिचुंद्री काठावर येऊन अंग झाडेपर्यंत,
वेखंडात शिरेपर्यंत,
आणि नंतरही थोडा वेळ.